मधला माणूस

शेतकरी आठवडे बाजाराच्या तोंडाशी एक बॅनर बांधलेला असतो. डावीकडे फेटा बांधलेला हसरा शेतकरी, उजवीकडे आई-वडील, दोन मुलं आणि हातात दुधी धरलेली आजी असं हसरं कुटुंब, आणि मधे जाडजूड हिरवा बाण. आडत्या नाही, व्यापारी नाही, दलाल तर औषधालाही नाही. शेतातून निघालेला दुधी त्या बाणावरून घसरत घसरत थेट आजीच्या हातात. मी कोथरूडला राहतो, या बाजाराला नेमाने जातो, आणि छातीठोकपणे सांगतो, की त्या बाणाच्या जागी मी उभा असतो. दोन्ही खांद्यांना पिशव्या, दोन्ही हातांत पिशव्या, दातात यादी आणि काखेत कुणाचा तरी लाल भोपळा. बॅनरवाल्याने मला हिरव्या रंगाखाली झाकलंय, एवढंच.

बाजाराची कल्पना मला तत्त्व म्हणून फार आवडली होती. एरवी माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणार, तिथे हमाली, तोलाई, आडत, मग घाऊक खरेदीदार, मग किरकोळ विक्रेता, आणि मग आपण. प्रत्येक पायरीवर भाव चढतो आणि भाजी कोमेजते. 2016 साली सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, बाजार समितीच्या आवाराबाहेरही माल उघडपणे विकता येऊ लागला, आणि त्याच वर्षी संत सावता माळ्यांच्या नावाने आठवडे बाजारांचं अभियान निघालं. नाव निवडणाऱ्याला आमची सोसायटी ठाऊक असावी. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असं सांगतात. आमच्याकडची सगळी बिऱ्हाडं त्याच पंथाची आहेत. जागचं कुणी हलत नाही. बाजाराने यावं.

आणि बाजार येत नाही म्हटल्यावर मी जावं.

याची सुरुवात एका मेथीच्या जुडीने झाली. 402 च्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या, माझ्या पिशवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, काय कोवळी आहे हो! पुढच्या वेळी जाताच आहात तर एक माझ्यासाठी आणाल?" एका जुडीने काय होतंय, म्हणून आणली. काकू ती निवडायला गॅलरीत बसल्या. समोरच्या गॅलरीतून 304 च्या वहिनींनी पाहिली. त्यांना पालक हवा होता. वहिनींनी 101 मधे सांगितलं. 101 चे काका बँकेतून निवृत्त झाले आहेत, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. लवकरच माझ्या फोनवर एक तक्ता आला. उभ्या ओळीत फ्लॅट, आडव्या ओळीत भाज्या, आणि शेवटी 'शेरा' नावाचा रकाना. 203 पुढे शेरा होता, 'गवार बारीक, पण फार बारीक नको.' 501 पुढे होतं, 'मागच्यासारखी नको.' 501 ने मागच्या वेळी काहीही मागवलेलं नव्हतं.

सोसायटीच्या सभेत मी कडाडून विरोध केला. म्हटलं, ज्याची भाजी त्याने आणावी, भाव करावा, मातीचा वास घ्यावा, त्यातच मजा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भाजी गटाचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड केली. पुण्याची ही जुनी रीत आहे. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतायला नगरपालिकेत विरोध केला तो महात्मा फुल्यांनी. आणि 1886 मधे रे मार्केट म्हणून उघडलेल्या त्याच मंडईला पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने नाव लागलं तेही महात्मा फुल्यांचं. अर्थात त्यांच्या विरोधाला निदान अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत मिळाली. मला मिळाला तो एक व्हॉट्सॲप ग्रुप. नाव, 'ताजी भाजी (काकांना सांगणे)'.

बाजार तसा आटोपशीर असतो. मोकळ्या मैदानावर मांडव, टेबलांवर रचलेली कॅरेट, मागे रांगेने उभे पिकअप आणि छोटे हत्ती. सासवडकडचा वाटाणा, नारायणगावचे टोमॅटो, मंचरचा बटाटा, मावळातला इंद्रायणी तांदूळ, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. उन्हाळ्याच्या तोंडावर पुरंदरचे मीठा बहाराचे अंजीर येतात. ते इतक्या नाजूक तब्येतीचे, की त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं तरी डाग पडेल अशी भीती वाटते. 402 च्या काकू हे अंजीर मागवतात आणि शेऱ्यात लिहितात, 'पिशवीत सर्वांत वर ठेवणे.' 101 चे काका कलिंगड मागवतात आणि लिहितात, 'पिशवीत सर्वांत वर ठेवणे.'

पण आमच्याकडचं गिऱ्हाईक इथे भाजी बघायला येत नाही, शेतकरी बघायला येतं. आणि शेतकरी कसा असावा हे ते बॅनरवरून शिकून आलेलं असतं. प्रत्यक्षात टेबलामागे असतो बी.एस्सी. ॲग्री झालेला पंचविशीचा पोरगा, अंगात बियाणं कंपनीचा टी-शर्ट, कानात ते पांढरं बोंडूक. त्याच्याकडून भाजी घेताना लोकांना समाधान मिळत नाही. एकदा त्याच्या मागे खुर्चीवर धोतर-टोपीतले एक आजोबा बसलेले होते, तर गर्दी पोराला ओलांडून आजोबांकडे.

"आजोबा, ही वांगी तुमच्याच मळ्यातली का?"

"मला काय ठावं? मी डोळं दावायला आलोय हडपसरला. गाडीत जागा व्हती म्हून बसलो."

तरीही दोघींनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले.

101 चे काका फोटोवर भागणाऱ्यांतले नाहीत. ते एकदाच माझ्याबरोबर बाजारात आले, 'व्यवस्था पाहायला'. आल्या आल्या त्यांनी त्या पोराला विचारलं, "तुम्ही शेतकरीच कशावरून?"

पोरगा म्हणाला, "म्हंजे?"

"सातबारा आहे?"

पोराने मुकाट्याने फोनवर सातबारा उघडून दिला. या बाजारात बसायचं तर अशा चौकश्यांची त्याला सवय असावी. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचन सुरू केलं. गट नंबर वाचला. हेक्टर-आरचे एकर-गुंठे केले. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा दिसला तेव्हा "कर्ज आहे वाटतं," म्हणून हळहळले. मागे सात-आठ माणसांची रांग लागली होती. शेवटी पीकपाहणीवर बोट ठेवून काका विजयी सुरात म्हणाले, "इथे तर बाजरी आहे!"

"ती पावसाळ्यातली, काका. बाजरी काढून वांगी लावलीत."

"मग वांग्यांची नोंद?"

"फोनवरनं करायची असती ती, आन् शेतात रेंज नाय. आली की करतो. तोवर किती देऊ? एक किलो?"

"पाव," काका म्हणाले. "आधी बघू तर खरं."

त्या पोराने पाव किलो वांगी तोलली. चार आली. काकांनी त्यातलं एक बदलून मागितलं.

दुसरा ग्राहक-धर्म म्हणजे भेंडी मोडणं. भेंडीचं शेपूट कट्टकन तुटलं तर ती कोवळी, हे ज्ञान आपल्याकडे आईच्या दुधातून येतं, पण एका भेंडीवर विश्वास ठेवावा असं कुठल्याच आईने शिकवलेलं नाही. माणसं ओळीने वीस-वीस भेंड्यांची शेपटं मोडतात, सगळी कट्टकन मोडतात, आणि मग ती 'मोडकी' म्हणून बाजूला सारून खालच्या अखंड घेतात. मटार सोलून खातात. मक्याच्या कणसाची सालं सोडवून दाण्यात नख खुपसतात, दूध निघालं की "छान आहे" म्हणतात आणि दुसरं घेतात. जेजुरीकडच्या एका मावशी बरेच दिवस हे सोसत होत्या. मग त्यांनाही पुण्याचा गुण लागला. एके दिवशी त्यांच्या कॅरेटवर पुठ्ठ्याची पाटी आली, 'भेंडीचे शेपूट मोडल्यास ती भेंडी आपली. सोबत तिच्या अर्धा किलो बहिणी न्याव्या लागतील.' पाटीचा व्हायचा तो परिणाम झाला. लोकांनी पाटीचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी पलीकडच्या टेबलावरची भेंडी मोडली.

भावाचं निराळं शास्त्र आहे. माझ्या पुढे एक बाई होत्या. बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली, मीटर चालू, आणि इथे घासाघीस कोथिंबिरीच्या जुडीवर.

"मधे दलाल नाही ना तुमच्या?"

"नाय बा, ताई. आपला आपण विकतो."

"मग दलालाचे पैसे वजा करून भाव सांगा."

शेतकऱ्याने जरा विचार केला. म्हणाला, "ताई, रात्री माल काढला मी, गाडीत भरला मी, गाडी हाणत आणली मी, उतरवला मी, आता सकाळधरनं उभा बी मीच. दलाल नाय, पण दलालाची समदी कामं हायेत की. ती कुणाच्या नावावर टाकू?"

बाईंनी यावर क्षणभरही न थांबता विचारलं, "बरं, वर चार मिरच्या तरी टाकाल का?"

चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. सुपरमार्केटात एसीच्या गारव्यात चाळीस रुपयांची पाकिटबंद पुदिन्याची पानं घेताना हा हक्क कुणाला आठवत नाही. तिथे माणसं पिशवीचेही पैसे देतात आणि वर 'थँक यू' म्हणतात.

सेंद्रिय हा तर स्वतंत्र अध्याय आहे. आमच्या ग्रुपवर सेंद्रियाचं वेड शिरलं तेव्हा बाजारात एक नवीन टेबल लागलं होतं. तिथला माणूस जीवामृताबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, सगळं पिंपात कालवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. कीड आलीच तर दशपर्णी अर्क. 304 च्या वहिनी व्हिडिओ कॉलवर होत्या. फोन माझ्या हातात, दुसऱ्या हातात पिशव्या. वहिनी म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या. पालकाला भोकं आहेत का ते दाखवा." मी फोन पालकाजवळ नेला. "अजून जवळ. हां. भोकं आहेत. म्हणजे खरा आहे. तीन जुड्या."

दुपारी वहिनींचा निरोप आला, 'पालकाला भोकं आहेत.'

फ्लॉवरच्या वेळी याहून बिकट झालं. 203 ने निक्षून सांगितलं होतं, फवारणी केलेला फ्लॉवर नको. मी शोधून शोधून बिनफवारणीचा आणला. संध्याकाळी 203 मधून किंकाळी आली, आणि पाठोपाठ ग्रुपवर एका हिरव्या अळीचा फोटो. अळी गुबगुबीत, निरोगी, बिनफवारणीची. खाली लिहिलं होतं, 'काका, हे काय???'

मी लिहिलं, 'फवारणी नको म्हणाला होतात.'

'फवारणी नकोच होती. पण अळीही नको होती.'

यावर ग्रुपवर जोरदार चर्चा झाली. निष्कर्ष असा निघाला, की काकांनी पुढच्या वेळी शेतकऱ्याला नीट समजावून सांगावं.

पावसाच्या सुरुवातीला मुळशीकडच्या एक आजी डोंगरातली शेवळं घेऊन आल्या होत्या. कुणीतरी फोनवर रानभाज्यांचं माहात्म्य वाचलेलं होतंच, त्यामुळे अर्ध्या इमारतीची मागणी होती. आजींनी पैसे घेता घेता मला बजावलं, "संगट काकडं घाला बरं का, न्हाईतर घसा खाजंल." काकडं म्हणजे ती आंबट हिरवी फळं, आजींनी शेवळांबरोबर दिलीही होती. मी हा निरोप ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. पण फोनने काकडंची काकडी केली. त्या दुपारी निम्म्या इमारतीत शेवळांच्या भाजीत काकडी पडली, आणि जी काकडं मी वाटली होती ती 'शोभेची असावीत' म्हणून देवापुढे ठेवली गेली. त्या रात्री ग्रुपवर एकही संदेश आला नाही. फोन करून विचारावं तर कुणाला बोलता येत नव्हतं. मी इतका निवांत झोपलो, की पुढच्या हंगामात शेवळं कधी येतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

खरा बाजार मात्र आमच्या पार्किंगमध्ये भरतो. मी परत येतो तेव्हा तिथे माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात. पिशव्या उतरवायला कुणी उठत नाही, पण त्यांत काय आहे हे बघायला सगळे वाकतात. आडते लोक शेतकऱ्याच्या मालातून माती, नासधूस या नावाखाली वजनाचा कडता कापायचे, हे मी ऐकून होतो. ते पाहिलं इथे. 203 च्या वहिनींकडे केकसाठी घेतलेला छोटा काटा आहे. त्यांनी मेथीची मुळं कापून, मुळांची माती झटकून, ती माती काट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "बावीस ग्रॅम. हे वजा होणार ना?" मी म्हटलं, "वहिनी, मेथी जुडीवर मिळते, वजनावर नाही." त्या म्हणाल्या, "मग जुडी लहान करायला हवी होती त्याने. मातीसकट बांधली, हे बरोबर नाही."

जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, त्याला हत्ता म्हणायचे. भाव ठरला की नाही, किती ठरला, हे बोटं धरणाऱ्या दोघांनाच ठाऊक, बाजूला उभ्या शेतकऱ्याला पत्ता नाही. तोच प्रकार आमच्याकडे ओढणीआड चालतो. 304 आणि 402 एकमेकींच्या कानाला लागतात, आणि तक्त्यात 304 च्या नावावरचा फ्लॉवर 402 कडे, 402 ची तोंडली 501 कडे, आणि 501 ची गवार परत माझ्याकडे येते. पैसे कुणी कुणाला द्यायचे ते शेवटपर्यंत उघड होत नाही.

पैशांचं तर विचारू नका. बाजारात प्रत्येक कॅरेटवर तो चौकोनी कोड चिकटवलेला असतो, आणि प्रत्येक कोडवर भलतंच नाव. वांगीवाल्याचे पैसे त्याच्या चुलत्याच्या नावावर जातात, मावशींचे नातवाच्या. त्यामुळे माझ्या खात्यातून कुठल्या भाजीचे पैसे गेले हे मलाच कळत नाही. 101 च्या काकांनी हिशेबपट्टी मागितली तेव्हा मी एक रात्र जागून ती बनवली. काकांनी ती तपासली, खाली लाल शाईने 'सात रुपये फरक' असं लिहिलं, आणि सात रुपये मला द्यायचे की माझ्याकडून घ्यायचे, यावर विचार करायला मुदत मागितली.

आमच्या घरात काय शिजतं, असं कुणी विचारील. शिल्लक. जे कुणीच घेत नाही ते. फार बारीक गवार, मागच्यासारखी भेंडी, भोकवाला पालक, बदलून आलेलं एक वांगं. ही आताशा सकाळी 'काय करू?' असं विचारतच नाही. "अहो, आज काय नाकारलंय?" असं विचारते आणि कढई चढवते. भोगीला मात्र खरंच बहार येते. भोगीच्या भाजीत पावटा, घेवडा, गाजर, वांगं, हरभरा, सगळंच लागतं, आणि सगळंच आमच्याकडे थोडं थोडं नाकारलेलं असतं.

आणि इतकं असूनही गेल्या सभेत विषय निघालाच. मी गैरहजर होतो, कारण बाजारात होतो. कुणीतरी म्हणे म्हणालं, "काका एवढ्या पहाटे उठून जातात, कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे काहीतरी सुटत असणार." दुसरं कुणी म्हणालं, "त्यांच्या स्वयंपाकघरातून रोज दोन-दोन भाज्यांचा वास येतो." हा पुरावा निर्णायक ठरला. फलकावर सूचना लागली, 'यापुढे सोसायटी भाजी थेट घेईल. मधला माणूस वगळण्यात येत आहे.' सही, 101.

मी ती सूचना वाचली आणि मला कितीतरी दिवसांनी दोन्ही हात मोकळे असल्यासारखं वाटलं. ते हलवत हलवत कोपऱ्यापर्यंत गेलो. कोपऱ्यावर भाजीची हातगाडी लागते. हातगाडीवाल्याने मला ओळखलं.

"या साहेब! सोडलंच होतं तुम्ही गाडीवर यायचं."

गाडीवर वांगी होती. काटेरी, चकचकीत. मला ती ओळखीची वाटली. भाव विचारला, तर बाजारापेक्षा दहा रुपयांनी कमी.

"कुठला माल आहे हा?"

"तुमच्या त्या शेतकरी बाजारातलाच की. बारा वाजता बाजार उठतो. उरलेलं परत गावाला कोण नेणार? मी जातो आणि एकदम उचलतो. त्यांची गाडी रिकामी, माझी भरली."

म्हणजे मी सकाळी सहाला जाऊन, धक्के खाऊन, काखेत भोपळा घेऊन आणलेली वांगी संध्याकाळी आपल्या पायांनी, पैसे कमी करून, आमच्याच फाटकाशी येत होती. गाडीपलीकडून एक ओळखीचा हात आला आणि भेंडीचं शेपूट कट्टकन मोडलं. 402 च्या काकू होत्या. मला पाहून जरा चपापल्या. "नाही, आपलं सहज," म्हणाल्या आणि पिशवी पदराआड सरकवली. पिशवी बरीच जुनी, या गाडीवर रुळलेली दिसत होती. हातगाडीवाल्याने त्यांना न मागताच चार मिरच्या आणि कढीपत्ता दिला.

काकू गेल्यावर तो जवळ सरकला.

"साहेब, एक विचारू? तुम्ही तिकडं पहाटेच जाता ना? सगळी शेतकरी मंडळी तुमच्या ओळखीची झाली असतील."

"झालीत."

"मग माझ्यासाठी चांगल्या मालाची चार-पाच कॅरेट आधीच बाजूला काढून ठेवायला लावा की. दुपारी जातो तवर लोकांनी मोडून ठेवलेली भेंडीच उरते. फुकट नाय सांगत. कॅरेटमागं काय ते बघू आपण."

एवढ्या वर्षांत भाजीच्या बाबतीत 'काय ते बघू' म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी आजूबाजूला पाहिलं. 101 ची खिडकी बंद होती. खिशातून रुमाल काढला, हातावर पसरला आणि त्याच्यापुढे धरला.